वहाणा, एक जोड

भुसावळला मे महिन्यात पत्र्याला हात लावायचा
तर आधी पाणी शिंपडावं लागतं.
अशा एका दुपारी मी विकत आणल्या
बर्फावर उतरणाऱ्या विमानाच्या स्की.
भंगारच्या भावाने, किलोवर.
छत्तीस किलो. रबरी दोर फुकट.

जळगावच्या धावपट्टीजवळ एका शेडमध्ये
त्या पडून होत्या, बाहेरदेशाहून आलेल्या जुन्या विमानाच्या खोक्यात.
विमान पोरांना शिकवून शिकवून म्हातारं झालं,
यांचं खोकं कुणी उघडलं नाही.
उघडणार कोण?
बर्फाशी आमची ओळख ती किती:
रसवंतीवरची लादी,
आणि गारपिटीनंतर केळीत उभा राहून
चष्मा पुसणारा तलाठी.

सलदार तडवी वेल्डिंगचा चष्मा वर करून म्हणाला,
"कारे भो, एवढे मोठे खेटरं कोनाचे?"
"विमानाचे."
तो गंभीर झाला.
बराच वेळ वर बघत राहिला.

रंग खरवडला. पिवळ्याखाली लाल,
लालखाली हिरवा,
हिरव्याखाली नागडं ॲल्युमिनियम आणि एक ठिगळ.
ठिगळाला नऊ रिव्हेट. सात सरळ, दोन वाकडे.

एकतीस वर्षं मी वॅगनचे रिव्हेट ठोकले.
वाकडा रिव्हेट मला माणसासारखा वाचता येतो.
एक असतो घाईचा, एक रात्रपाळीचा,
एक साहेबावरच्या रागाचा.
हे त्यातले नव्हते.
हे थंडीचे होते.
हातमोजा काढला तर बोटं जातात,
ठेवला तर नेम.
माझ्या मुठीतून हातोडा घामाने निसटत होता
आणि मी त्या माणसाची बोटं
मनातल्या मनात चोळत बसलो होतो.

ठिगळ बदललं. बुश नवे कातले.
टोक वर उचलून धरणारे दोर नवे घातले,
टोक खाली गेलं की विमान नाक घासतं म्हणे,
माणसासारखंच.
तळाला ठिबकच्या कारखान्यातलं उरलेलं पांढरं प्लॅस्टिक.
ते बसवताना हात थांबला:
इथे शेहेचाळीस, तिथे उणे वीस.
इथे ताणून बसवलं तर तिथे आखडेल,
दीड मीटरमागे बोटभर,
आणि स्क्रू उपटून काढेल.
मग भोकं लांबट पाडली.
जायला यायला जागा ठेवली.

घसरतात का, हे बघायचं कुठे?
सलदार म्हणाला, जिनिंगमधे, रुईच्या ढिगावर.
रुई दिसते बर्फासारखी, पण धरून ठेवते,
सोडत नाही.
शेवटी सावद्याला, भास्कर फेगड्यांच्या मळ्यात
घड उतरवलेले केळीचे खांब उभे चिरून अंथरले,
वर सिमेंटच्या चार गोण्या, पुढे ट्रॅक्टर.
पहिल्याच ओढीला स्की अशा सुटल्या
की फेगड्यांनी बांधावरून उडी मारली
आणि फेटा तिथेच राहिला.

केळीचा चीक काळा पडला.
रॉकेलने घासलं, लिंबाने घासलं,
गेला नाही. तो कधीच जात नाही.
उत्तरेच्या डोंगरातून फोनवर घासाघीस करून
ज्याने जोड घेतली त्या दोरजेला मी सांगितलं,
तळाला डाग आहेत, काम चोख आहे.
तो म्हणाला, तळ कोण बघतो,
बर्फच ना.

पार्सल ऑफिसात बाबूने विचारलं, काय माल?
मी लिहिलं: वहाणा, एक जोड, वापरलेल्या.
काटा एकोणचाळीसवर थांबला.
त्याने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या पायांकडे पाहिलं
आणि शिक्का मारला.

ते दोन वाकडे रिव्हेट
मी टाकले नाहीत.
स्क्रूंच्या डब्यात आहेत.

संध्याकाळी सलदारने वीस रुपयांची लादी आणली,
उरलेल्या पांढऱ्या पट्टीवर ठेवली.
आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो.
लादी हलेना. खाली नुसतं पाणी.
"थोडं तिरकं कर," तो म्हणाला.